ढोल, डबल पेडल आणि श्रावणातलं पुणं

कोल्हापूरहून पुण्याला जाताना सातारा मागं पडलं की सुरूर फाटा लागतो. डावीकडं वाई-पाचगणीचा रस्ता फुटतो. एसटीतली निम्मी मंडळी इथं पेंगत असतात, मी मात्र दर वेळी मान वळवून बघते. त्या रस्त्यानं पसरणीचा घाट चढून गेलं की पाचगणीचं सेंट पीटर्स स्कूल येतं, आणि झांझिबारला जन्मलेला फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा तिथं बोर्डिंगला होता. १९५८ मध्ये शाळकरी मित्रांना घेऊन त्यानं तिथं बँड काढला, नाव ‘द हेक्टिक्स’. पुढं लंडनमध्ये ‘क्वीन’ हा बँड झाला आणि जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणायला लागलं. या खेपेला शेजारच्या सीटवर एक काका होते, त्यांना मी हे सगळं उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, “असेल. आमच्या साडूचा पोरगा पण तिथंच होता.” आणि खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत साडूच्या पोराचीच गोष्ट चालली.

पुण्याला माझं जाणं कामाचं कधीच नसतं. भाची तिकडं शिकते, कर्वेनगरला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. घरी मी “मुक्ताला बघून येते” एवढंच सांगते. मुक्ता तिकीट काढून ठेवते, मी पिशवीत काळे टी-शर्ट भरते. वय पंचेचाळिशीकडं झुकलंय, सोसायटीत मला ‘काकू’ म्हणतात आणि मेगाडेथसारखं हेवी मेटल लावून मी मेथी निवडते. कॉलेजात असताना एक कॅसेट आठ जणींत फिरायची, फीत अडकली की पेन्सिलीनं गुंडाळायची. मुक्ताला हे सांगितलं की ती मला म्युझियममध्ये ठेवायला हवं अशा नजरेनं बघते.

शुक्रवार : कोरेगाव पार्क

स्वारगेटला उतरले तेव्हा पाऊस तिरका येत होता. पूर्वी इथून कोरेगाव पार्क गाठायचं म्हणजे आधी रिक्षावाल्याशी वादविवाद स्पर्धा. आता स्वारगेटच्या पोटातूनच मेट्रो निघते, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची आणि बंडगार्डनला उतरायचं. सिव्हिल कोर्टचं स्टेशन जमिनीखाली ३३ मीटर आहे आणि दुसरी मार्गिका वरून, पुलावरून जाते. त्यामुळं सरकते जिने संपता संपत नाहीत. वरच्या फलाटावर मुक्ता उभी होती, पाठीला बेस गिटार. “आज तुझं पण आहे का?” “नाही गं मावशी, जॅक गेलाय. उद्या तपकीर गल्लीत करून घेऊ, म्हणून आणलंय.” दोन दिवस ते गिटार आमच्याबरोबर पुणं फिरलं.

कार्यक्रम होता एका आतल्या गल्लीत. वर पत्रा, तीन बाजूंनी भिंती, चौथ्या बाजूला बार. दोनशेएक माणसं मावतील अशी जागा आणि आलेली त्याहून थोडी जास्त. पुण्यातल्या रॉकचा पत्ता बरीच वर्षं हाच परिसर आहे. हाय स्पिरिट्स कॅफेचं नाव तर इथल्या प्रत्येक गिटारवाल्या पोराच्या तोंडात असतं. एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव २०१० मध्ये पहिल्यांदा भरला तोही कोरेगाव पार्कातच. पुढं त्याची मैदानं बदलली, गावं वाढली. २०१७ च्या डिसेंबरात पुण्याच्या वीकेंडरला गिटारवादक स्टीव्ह व्हाय आला होता. माझ्या शेजारी उभा असलेला नांदेडचा एक धिप्पाड पोरगा त्याच्या पहिल्या सुरालाच घळाघळा रडायला लागला आणि मी त्याला माझा रुमाल दिला. तो रुमाल परत आला नाही. अग्नी, ईझी वाँडरलिंग्ज ही पुण्याचीच नावं, पण त्यांची वाट सुरेल. आजचा मामला मेटलचा होता.

पहिला बँड इंजिनिअरिंगच्या पोरांचा. गायक पोटातून गुरगुरत होता आणि दोन गाण्यांच्या मधे एकदम सभ्य आवाजात म्हणाला, “थँक्यू पुणे! आज आई-बाबा पण आलेत.” आले होते खरंच. मागच्या भिंतीशी उभे, आईच्या खांद्याला पर्स आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे. प्रत्येक गाणं संपलं की त्या माउली टाळ्या वाजवायच्या आणि बोळा सरळ करायच्या.

दुसरा बँड बंगळूरचा, पक्का तयारीचा. पण खरी करामत त्यांच्या साउंडवाल्याची. बास ड्रम आणि बेस गिटार दोघंही खालच्या पट्टीत, साधारण साठ ते शंभर हर्ट्झच्या आसपास एकमेकांच्या अंगावर येतात. ड्रमरनं डबल पेडल, म्हणजे दोन्ही पायांनी बास ड्रम, सुरू केलं की नवखा साउंडवाला सगळ्याचाच आवाज वाढवत बसतो आणि शेवटी नुसती घरघर उरते. या माणसानं बेसला थोडं वर सरकवलं, बास ड्रमला खालची जागा मोकळी करून दिली, आणि पेडलचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू आला. आमच्याकडं कोल्हापूर-सांगलीला मिरवणुकीत डॉल्बी लावतात तेव्हा छाती हलते, खिडक्यांची तावदानं हलतात, पण गाणं कुठलं ते विचारावं लागतं. मोठा आवाज आणि चांगला आवाज यांतला फरक ज्याला कळून घ्यायचा असेल त्यानं असल्या छोट्या जागेत, चांगल्या साउंडवाल्याच्या शेजारी तासभर उभं राहावं.

तिसरा बँड पुण्याचा. दुसऱ्या गाण्याच्या ऐन भरात लाइट गेली. गिटार मेले, माइक मेला, दिवे गेले. अंधारात फक्त ड्रम उरले, कारण त्यांना वीज लागत नाही. ड्रमरनं दोन-चार फटके तसेच मारले, थबकला, आणि मग जे सुरू केलं ते ऐकून आख्खी गर्दी आधी हसली आणि मग ओरडली. गावठी! गणपतीच्या मिरवणुकीतला गावठी ताल, टॉमटॉमवर ढोल आणि स्नेअरवर ताशा. दोनशे काळे टी-शर्ट हात वर करून नाचायला लागले. “मोरया” कुणीतरी ओरडलंच. मागच्या भिंतीशी असलेल्या त्या आईंनी पहिल्यांदाच कानातले बोळे काढले. जनरेटर सुरू व्हायला पाच-सात मिनिटं लागली असतील. गिटार परत जिवंत झाले तेव्हा गिटारवाल्यानं त्याच तालावर आपला रिफ, म्हणजे फिरून फिरून येणारी सुरावट, चढवला, आणि पुढचं गाणं तसंच, अर्धं मेटल अर्धं लक्ष्मी रोड, वाजलं.

कार्यक्रमानंतर स्टेशनजवळच्या भुर्जीच्या गाडीवर तोच ड्रमर भेटला. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, सकाळची शिफ्ट असली की साडेपाचला बस पकडतो. “ताशा कुठं शिकलास?” तर म्हणाला, “काकू, आधी ताशाच शिकलो. सहावीत. ड्रमसेट बारावीनंतर आला, ते पण जुना.” त्याचं ढोल-ताशा पथक आहे आणि सध्या रोज संध्याकाळी सराव. “उद्या या की बघायला. फक्त जागा सांगतो उद्या दुपारी, खडकवासल्यातून पाणी सोडलं तर नदीपात्रात बसता येत नाही.” मुक्ता आजीला शब्द दिल्यामुळं श्रावण पाळते, म्हणून तिनं नुसता चहा घेतला आणि माझ्या डबल भुर्जीकडं बघत बसली.

*जाणाऱ्यांसाठी :* अशा गिगला २१ वर्षांखालच्यांना बहुतेक ठिकाणी सोडत नाहीत, ओळखपत्र जवळ हवं. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, ते घ्याच. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटांपुढं कानाला धोका सुरू होतो आणि कार्यक्रम चालतो तीन तास. प्लग घातल्यानं मजा जात नाही, उलट शब्द स्वच्छ लागतात. उभं राहायचं मिक्सरच्या जवळ. साउंडवाला जिथून ऐकून आवाज बसवतो, तिथंच तो नीट ऐकू येतो. कोपरे टाळा, तिथं बेसचा चिखल होतो. आणि उशिरा परतताना मेट्रो मिळेल असं धरून चालू नका, रिक्षाचे पैसे वेगळे काढून ठेवा. आम्हाला तिघांनी नकार दिला, चौथा आला तो मुक्ताच्या गिटारकडं बघून. “आमच्या पोराला पण हेच पायजे म्हणतो. केवढ्याला मिळतं?” कर्वेनगरपर्यंत आम्ही त्याला गिटारचे भाव सांगितले. मीटरनंच पैसे घेतले त्यानं.

शनिवार : पेठा, पात्र आणि पहिली रांग

सकाळी नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ. कोल्हापूरच्या माणसानं पुण्यात मिसळ खाऊ नये असं आमच्याकडं शास्त्र आहे, पण इथं ब्रेडच्या स्लाइस देतात, कोल्हापुरासारख्या, म्हणून मी जाते. रस्सा गोडसर. मला तो मिसळ म्हणून पटत नाही, पण पदार्थ म्हणून आवडतो, आणि एवढं बोलून मी हा वाद संपवते. रांगेत पुढं एक आजोबा होते. मुक्ताच्या पाठीवरच्या कव्हरकडं बोट करून म्हणाले, “सतार का?” “नाही, बेस गिटार.” “किती तारा?” “चार.” “अरे वा. आटोपशीर आहे.”

तिथून चालत तपकीर गल्ली. रेडिओच्या वाल्वपासून एलईडीच्या माळेपर्यंत विजेचं काहीही इथं मिळतं, आणि गणपती तोंडावर आल्यानं माळांचाच बाजार भरलेला. दुरुस्तीवाले मात्र आत, जिन्याखाली. आम्हाला ज्यांच्याकडं पाठवलं त्यांचं दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि भिंतीवर तारांची भेंडोळी. वय सत्तरच्या पुढं. मुक्तानं गिटार पुढं केलं. त्यांनी ते हातातही न घेता विचारलं, “आवाज जातो की खरखरतो?” “वायर हलवली की जातो.” “मग जॅक चांगला आहे, सांधा सुटलाय. नवा जॅक कशाला घेता?”

चार स्क्रू काढून त्यांनी जॅकची पट्टी बाहेर ओढली. आतली तार खरंच एका केसावर लोंबत होती. जुना सोल्डर वितळवून त्यांनी तो पुसून टाकला, तारेचं टोक चाकूनं खरवडून पितळेसारखं चकचकीत केलं, रोझिनच्या डबीत बुडवलं, आणि सोल्डरचा एकच थेंब दिला. धुराची एक बारीक रेघ दिव्यापर्यंत गेली. थेंब गार होईपर्यंत त्यांनी स्वतःचा श्वाससुद्धा रोखून धरला होता. मग तार ओढून बघितली, परत ओढून बघितली. “आता नाही सुटायची. वायर लावताना बुंध्याला धरायचं, शेपटीला नाही.” पैसे विचारले तर तीस रुपये. मुक्तानं पन्नासची नोट दिली आणि “राहू द्या” म्हणाली. ते म्हणाले, “का राहू द्या?” आणि वीस रुपये मोजून परत केले. हे पुणेरीपण मला फार आवडतं, पाट्यांच्या विनोदांत ते कधी सापडत नाही.

टेस्ट करायला त्यांच्याकडं एक जुना बॉक्स होता. मुक्तानं तिथंच, जिन्याखाली, दोन-चार ओळी वाजवल्या. माळा घ्यायला आलेली दोन कुटुंबं थांबून ऐकत राहिली.

मग राजा दिनकर केळकर संग्रहालय. आम्ही फक्त वाद्यांच्या दालनासाठी गेलो, बाकी अडकित्ते आणि दिवे घाईनंच बघितले. ते बघायला एक आख्खा दिवस द्यावा, आमच्याकडं नव्हता. हे सगळं एका माणसानं, दिनकर केळकरांनी, अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं जमवलं. वाद्यांपुढं मुक्ता बराच वेळ उभी होती. पडदे नसलेलं तंतुवाद्य दिसलं की ती “फ्रेटलेस!” म्हणून मला कोपर मारायची. निघताना निंबाळकर तालीम चौकात सुजाता मस्तानी. पावसात आईस्क्रीम खाण्याचा निर्णय माझा, त्याचं समर्थन करायची गरज मला वाटत नाही.

दुपारी ड्रमरचा निरोप आला. धरणातून पाणी सोडलंय, पात्रातला रस्ता बंद, भिडे पुलावर पाणी. पथक वर, म्हात्रे पुलाच्या अलीकडं एका पत्र्याच्या शेडमध्ये बसणार. संध्याकाळी गेलो तेव्हा पुलाच्या कठड्याशी पुणेकरांची ही गर्दी, मुठेचं पाणी बघायला. तांबडं, फुगलेलं पाणी, त्यातून जाणारी झाडं, आणि प्रत्येकाचा आपापला अंदाज, किती क्युसेकनं सोडलं असेल. एकानं जो आकडा सांगितला त्याला दुसऱ्यानं लगेच खोडलं. दोघंही पाटबंधारे खात्यातले नव्हते.

शेडमध्ये शिरलो आणि कालच्या गिगचं मला काहीच वाटेनासं झालं. तीस-चाळीस ढोल, सात-आठ ताशे, वर पत्रा. निम्म्याहून जास्त वादक मुली. ढोल कमरेला घट्ट बांधलेला, एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थापी. पूर्वी चामड्याचं पान असायचं, ते पावसाळी हवेत सैल पडायचं, शेकून घ्यावं लागायचं. आता बहुतेक पथकांकडं प्लास्टिकचं पान आहे, आवाज जरा कोरडा पण पावसाला न डरणारा. आमचा ड्रमर सगळ्यांच्या पुढं, गळ्यात ताशा. बारीक लवचिक काड्या, आणि त्या काड्यांची तर्री, म्हणजे सलग तडतड. ताशा थांबला की ढोल थांबतात, ताशानं इशारा दिला की पुढचा हात सुरू. काल अंधारात त्यानं जे केलं ते इथं रोजचं काम होतं. बँडमध्ये ड्रमर मागं बसतो, इथं तोच सगळ्यांना हाकत होता.

मला गंमत वाटली ती वेगळीच. काल त्या बंगळूरच्या साउंडवाल्यानं मिक्सरवर जे बसवलं, ते हे लोक नुसत्या उभं राहण्यातून बसवतात. ताशे मधोमध, ढोल दोन रांगांत, टोल, म्हणजे धातूची जाड थाळी, एका कडेला. एका नव्या मुलीचा ढोल ताशाच्या फार जवळ आला तर पथकप्रमुख बाईंनी तिला खांद्याला धरून दोन पावलं मागं सरकवलं आणि एकदम ताशा सुटा ऐकू यायला लागला. त्या बाई दिवसा शाळेत गणित शिकवतात. “वर्गात पण हेच करते,” म्हणाल्या, “बडबडे मागं.” ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग अशा शाळांच्या पथकांमधून ही शिस्त पुण्यात रुजली, आणि आता तीच मुलं मोठी होऊन स्वतःची पथकं काढतात. मधल्या सुट्टीत वडापावाची पिशवी फिरली, आम्हालाही विचारलं नाही, हातातच दिला. मुक्तानं एक ढोल बांधून बघितला. पाच मिनिटांत घामाघूम. “मावशी, बेस याच्यापुढं काहीच नाही गं.”

*बघायला जायचं असेल तर :* गणपतीच्या आधी दीड-दोन महिने सराव चालतात, साधारण संध्याकाळी सातनंतर. तिकीट नाही, आमंत्रण नाही, फक्त वादकांच्या मधे मोबाइल घेऊन घुसू नका. इअरप्लग इथंही लागतात, पत्र्याखाली तर नक्कीच. धरण भरलेलं असताना पात्रातल्या रस्त्यावर गाडी लावून जाऊ नका. पुण्यात दर पावसाळ्यात कुणाची तरी लावलेली गाडी पाण्यात जाते आणि तिचा फोटो पेपरात येतो.

तिथून तसेच घामेजलेले टिळक रोडच्या बाजूच्या एका सभागृहात. तुकोबा-नामदेवांचे अभंग रॉकच्या साजात वाजवणारी पोरं होती. सभागृह बंदिस्त, खुर्च्यांवर नंबर, आणि पहिल्या चार रांगा पांढऱ्या केसांच्या. पहिल्या गाण्याला गिटारनं डिस्टॉर्शन उघडलं तशी दुसऱ्या रांगेतून एक आजी उठल्या, कडेनं चालत थेट साउंडवाल्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, “अहो, शब्द ऐकू येत नाहीयेत. पेटी कमी करा.” कीबोर्डला त्या पेटी म्हणत होत्या. साउंडवाल्यानं निमूटपणे कीबोर्ड खाली घेतला. आणि त्यांचं बरोबर होतं! गायकाच्या आवाजावर कीबोर्डच बसत होता, गिटारचा काही दोष नव्हता. कान तयार असतात इथल्या लोकांचे. १९५३ पासून ज्या गावात सवाई गंधर्व भरतोय तिथं आजी मिक्सिंग करणारच.

या सवाईचं आणि रॉकचं एक सामायिक दुखणं आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले आणि उघड्यावर रात्री दहानंतर स्पीकर बंद झाले. वर्षातले मोजके, पंधरापर्यंत दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, तेवढंच. रात्रभर चालणारा सवाई दहाच्या आत आला, पहाटेचे राग मागं पडले. रॉकवाल्यांचंही तेच, मोठ्या मैदानी कार्यक्रमात मुख्य बँडचं शेवटचं गाणं घड्याळाकडं बघत वाजतं. झोपमोड होणाऱ्यांची बाजू मला पटते, माझ्या खिडकीखाली डॉल्बी लागली की मीच पहिली फोन करते. तरी भैरवीच्या वेळेला दिव्यांत बसून भैरवी ऐकलेल्या माणसांचा मला हेवा वाटतो.

मध्यंतरात बटाटावडा आणि चहा. कार्यक्रम संपल्यावर त्या आजी स्टेजवर गेल्या, बेस वाजवणाऱ्या मुलीचा हात हातात घेऊन तिच्या बोटांचे घट्टे बघितले आणि “रियाज आहे हो” म्हणाल्या. मुक्ता शेजारून स्वतःची बोटं चाचपत होती.

रविवार : बनमस्का आणि जुना बाजार

सकाळी डेक्कनला गुडलक. १९३५ पासूनचं इराणी हॉटेल, बनमस्का आणि चहा. रविवारी आठनंतर गेलात तर टेबलाच्या मागं उभं राहून खाणाऱ्याकडं बघत बसावं लागतं, आणि तो पण मुद्दाम हळू खातो. साडेसातला गेलो, म्हणून जागा मिळाली. शेजारी तीन सायकलवाले सिंहगड करून आले होते, चिखलानं माखलेले. त्यांनी सहा बनमस्के बसल्या बैठकीत संपवले.

मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. पावसात निळी प्लास्टिकं टाकून माणसं बसलेली. नळाच्या तोट्या, घड्याळांची सुटी चाकं, पितळी समया, एका पायाचे बूट, आणि या सगळ्यात कुठंतरी तबकड्या आणि कॅसेटी. लवकर जावं लागतं, दुकानदार लोक पहाटेच चांगला माल उचलून नेतात. सुट्टे पैसे ठेवा, मागितलेल्या भावाच्या निम्म्यापासून सुरुवात करा, आणि तबकडी उजेडात तिरकी धरून बघा. केसासारख्या रेघा चालतात, नख अडकेल अशी चरी असेल तर ठेवून द्या. वाकलेली तर मुळीच नको.

तबकड्यांत काही हाती लागलं नाही, मराठी नाट्यसंगीत बरंच होतं पण झिजलेलं. कॅसेटींच्या खोक्यात मात्र डीप पर्पल या रॉक बँडचं कव्हर दिसलं. माझ्या कॉलेजातल्या आठ जणींच्या कॅसेटीवर हेच कव्हर होतं, त्यामुळं हात जरा थरथरलाच. उघडून बघितलं तर आत दुसरीच कॅसेट, वर बॉलपेननं लिहिलेलं, ‘सत्यनारायण कथा, बाजू अ’.

“केवढ्याला?” मी विचारलं.

“पन्नास.”

“अहो, आत सत्यनारायण आहे.”

त्यानं कॅसेट हातात घेतली, उलटून बघितली, डोक्याला लावली आणि बाजूला ठेवली. “मग हे राहू द्या, हे नाही विकत. कव्हर न्या, वीस द्या.”

मुक्ता बाजूला वळून हसायला लागली. मी पंधरा म्हटलं. सतराला सौदा झाला आणि वर त्यानं एक रिकामी फिलिप्सची कॅसेट घातली, कव्हर चेपू नये म्हणून. साडेतीनची गाडी होती.